बोअरचे पाणी, सामू आणि संध्याकाळी पांढरी पडणारी अंडी

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा आहे. अंबाजोगाईजवळ माशांची अंडी उबवण्याची तुमची लहान वर्तुळाकार हॅचरी आहे. यंदा पाऊस लांबल्यामुळे विहीर तळाला गेली आणि तुम्ही बोअरचे पाणी वापरू लागलात. विहिरीच्या पाण्यावर रोहूची पहिली खेप चांगली निघाली होती. बोअरच्या पाण्यावरच्या पुढच्या दोन्ही खेपांत अंडी पहाटे व्यवस्थित फुगली, काचेसारखी स्वच्छ दिसली, दुपारी आत शेपटीची हालचालही दिसली. पण संध्याकाळपर्यंत निम्म्याहून अधिक अंडी दुधी पांढरी झाली आणि जे जिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले) बाहेर पडले ते वाकडे होते व तळाशीच पडून राहिले. कागदाच्या पट्टीवर बोअरच्या पाण्याचा सामू (पीएच; ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) ६.५ आणि ७ च्या मध्ये दिसला. दुकानदाराने ‘पाणी आम्लधर्मी आहे, चुना मारा’ असे सांगितले, आणि हॅचिंग पूलमध्ये, म्हणजे अंडी उबवण्याच्या हौदात, चुना किती टाकायचा, असे तुम्ही विचारले आहे.

चुन्याचे पोते आज तरी बाजूला ठेवा. तुमचे पाणी आम्लधर्मी आहे का, हा प्रश्न मला निराळ्या तऱ्हेने मांडावासा वाटतो: त्या पाण्याचा सामू कशामुळे खाली आहे, आणि तो तसाच टिकतो का? या दोन गोष्टी कळल्याशिवाय चुना टाकणे म्हणजे तापाचे कारण न शोधता औषध देणे होय. मी मराठवाड्यात मत्स्यबीजाचे काम गेली वीस-बावीस वर्षे करतो आहे आणि या काळात आम्लधर्मी पाण्याने अंडी गेल्याची तक्रार मी अनेकदा ऐकली. त्यांतल्या फारच थोड्या ठिकाणी पाणी खरोखर आम्लधर्मी निघाले.

प्रथम अंडी पांढरी पडण्याच्या वेळेबद्दल बोलू, कारण निदानाचा निम्मा भाग तिथेच आहे. अंडी फलितच झाली नसतील तर ती पहिल्या काही तासांतच दुधाळ होतात. तसे झाले तर दोष नर-मादीच्या तयारीत, अंडी सुटण्यासाठी दिलेल्या संप्रेरकाच्या इंजेक्शनच्या मात्रेत किंवा दोन्हींच्या वेळेत शोधावा लागतो. डॉ. हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात इंजेक्शनच्या साह्याने कार्प (रोहूसारख्या) माशांचे प्रजनन घडवून आणले. तोच दिवस आपण राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतो. तेव्हापासून या धंद्यातले बहुतेक यश इंजेक्शनच्या नावावर जमा होते आणि अपयशही आधी त्याच्याच माथी मारले जाते. तुमच्या बाबतीत तसे दिसत नाही. दुपारी आत शेपटी हलत होती, म्हणजे फलन झाले होते आणि गर्भ आठ-दहा तास नीट वाढला होता. तो नंतर मेला. त्या नंतरच्या तासांत पाण्यात काय बदलले, हे शोधायचे आहे.

तुमच्या प्रश्नात शेवटी एक वाक्य सहज आले आहे: ‘अकराला वीज आली की टाकी भरायला वेळ जातो, म्हणून बोअरची लाइन थेट पूलला जोडतो.’ माझ्या मते तुमचे उत्तर या वाक्यात आहे. पहाटेपासून अकरापर्यंत अंड्यांना रात्रभर टाकीत उभे राहिलेले पाणी मिळाले. अकरानंतर जमिनीखालून त्याच क्षणी वर आलेले पाणी मिळू लागले. पाण्याचा स्रोत तोच असला, तरी अंड्याच्या दृष्टीने ही दोन पाणी वेगवेगळी आहेत.

याचे कारण असे. आपल्या भागाचा बहुतेक खडक म्हणजे दख्खनचा काळा पाषाण. पावसाचे पाणी मातीतून खाली झिरपताना मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनातून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड सोबत घेते आणि त्या वायूच्या जोरावर खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवते. त्यामुळे आपल्या बोअरचे पाणी जड असते, भांड्यांना पांढरा थर धरते, साबणाला फेस येऊ देत नाही. अशा पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते. आम्ल झेलून सामू स्थिर ठेवण्याची पाण्याची जी ताकद असते, तिला अल्कलिनिटी म्हणतात. आपल्या बोअरमध्ये ती लिटरमागे २०० ते ४०० मिलिग्रॅम सापडणे काही विशेष नाही. तुमच्या घरी आरओ बसवणाऱ्याने याच पाण्याचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ९०० सांगितला आहे. इतके क्षार असलेले काळ्या पाषाणातले पाणी खऱ्या अर्थाने आम्लधर्मी असण्याची शक्यता मला फार कमी वाटते.

मग पट्टीवर ७ च्या खाली आकडा का आला? तो वायू अजून पाण्यात कोंडलेला होता म्हणून. खाली दाबाखाली असलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला राहतो आणि त्याचे कार्बनिक आम्ल सामू खाली ओढते. हिशेबच सांगायचा तर अल्कलिनिटी ३०० आणि सामू ७ असलेल्या पाण्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅमहून अधिक कार्बन डायऑक्साइड असतो. हॅचरीत मी तो १० च्या आत ठेवतो. तेच पाणी हवेशी खेळवले, वायू उडून गेला, की काहीही न मिसळता सामू ८ च्या वर जातो. म्हणजे क्षाराने भरलेले पाणी वायूमुळे काही काळ आम्लधर्मी भासत असते. सामूचे मोजमाप दहाच्या पटीत चालते, हेही ध्यानात असू द्या: ८ वरून ७ म्हणजे आम्लता दहापट, ६ म्हणजे शंभरपट. आकडा लहान दिसला तरी फरक लहान नसतो.

हे माझ्या शब्दावर मानू नका, स्वतः पाहा. दोन बादल्या घ्या. मोटर सुरू करून पाच-दहा मिनिटे पाणी वाहू द्या, म्हणजे पाइपात उन्हाने तापून राहिलेले पाणी निघून जाईल. मग पाइपचे तोंड बादलीच्या तळाशी टेकवून, न खळखळवता, एक बादली भरा आणि तिथल्या तिथे सामू मोजा. त्यानंतर चहा गार करताना जसा पेल्यातून पेल्यात ओततो तसे ते पाणी हातभर उंचीवरून एका बादलीतून दुसरीत पंचवीस-तीस वेळा ओता आणि पुन्हा मोजा. नीट पाहिलेत तर सुरुवातीला बादलीच्या आतल्या बाजूला बारीक बुडबुडे मोहरीसारखे चिकटलेले दिसतील आणि ओतता ओतता ते दिसेनासे होतील. तीच बादली रात्रभर मत्स्यटाकीच्या छोट्या हवापंपावर ठेवून सकाळी तिसऱ्यांदा मोजा. सामू ६.८ वरून ७.६ आणि सकाळी ८.२ असा चढत गेला, तर दोषी कार्बन डायऑक्साइड आहे आणि चुन्याची काहीच गरज नाही. आकडा रात्रभरानंतरही ६.८ वरच राहिला, तर मात्र माझा अंदाज चुकला असे समजून आपल्याला निराळा विचार करावा लागेल.

मोजमाप कशाने करायचे, तेही सांगतो. कागदाची पट्टी अर्ध्या आकड्याचा फरक धड दाखवत नाही, आणि इथे अर्धा आकडाच महत्त्वाचा आहे. खिशातला पेनासारखा मीटर घ्या, पण तो ७ आणि ९.२ च्या बफरमध्ये (ठरलेल्या सामूच्या द्रावणात) जुळवल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवू नका. हंगामात मी दर आठवड्याला जुळवतो. पाणी बाटलीत भरून गावात नेऊन मोजले तर वाटेत वायू उडतो आणि आकडा खोटा येतो, म्हणून सामू नेहमी पाण्याजवळच मोजावा. अल्कलिनिटी आणि जडपणा मात्र बाटलीतल्या नमुन्यावर दुसऱ्या दिवशी तपासला तरी चालतो. थेंब टाकून रंग बदलेपर्यंत मोजायचे साधे किट त्यासाठी पुरेसे आहे. उदगीरचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय तुम्हाला फार लांब नाही. तिथेही विचारून पाहा.

आता अंड्यावर नेमके काय घडते, ते टप्प्याटप्प्याने सांगतो, कारण हे समजले की उपाय आपोआप सुचतात.

मादीने अंडी टाकली आणि नराचे वीर्य पाण्यात आले, की कार्प माशांच्या शुक्राणूंची हालचाल जेमतेम अर्धा ते एक मिनिट टिकते. पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असेल तर ती हालचाल मंदावते. म्हणून नर-मादी सोडतो त्या ब्रीडिंग पूलमध्येही थेट बोअरचे पाणी नको. तिथे आपण शॉवर लावतो तो पावसाचा भास देण्यासाठी, असे सर्वजण सांगतात, आणि ते खरेच आहे. पण तो शॉवर पाण्यातला वायू घालवतो आणि ऑक्सिजन मिसळतो, हा त्याचा उपयोग मला त्याहून मोठा वाटतो.

फलन झाल्यावर अंडे पाणी शोषून फुगते. रोहूचे अंडे फुगून ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढे होते आणि आतल्या गर्भाभोवती पाण्याची गादी तयार होते. या फुगण्याच्या वेळी पाण्यातील कॅल्शियम कवचाला घट्टपणा देते. चंदेऱ्याची (सिल्व्हर कार्पची) अंडी मऊ पाण्यात प्रमाणाबाहेर फुगून अकाली फुटतात, असा अनुभव आहे. त्या बाबतीत आपले जड पाणी आपल्या बाजूचे आहे. तुमची अंडी पहाटे नीट फुगली, ती त्याचमुळे.

पुढचा टप्पा अंडे फुटण्याचा. २७ ते ३० अंश तापमानात रोहूचे अंडे साधारण चौदा ते अठरा तासांत फुटते. ते केवळ गर्भाच्या धडपडीने फुटत नाही. गर्भाच्या डोक्याकडच्या भागातील बारीक ग्रंथींमधून एक पाचक द्रव्य बाहेर पडते आणि ते कवचाला आतून विरघळवून पातळ करते. मग शेपटीच्या झटक्याने ते फाटते. हे द्रव्य किंचित अल्कधर्मी पाण्यात उत्तम काम करते. पाणी आम्लधर्मी झाले तर त्याचा जोर कमी होतो, कवच जाडच राहते आणि गर्भ आत वळवळत राहतो. जागा अपुरी पडते, ऑक्सिजन संपत जातो, आणि उशिरा बाहेर पडलेल्या जिऱ्याचे शरीर त्या कोंडमाऱ्यात वाकलेले असते. तुम्ही लिहिलेले वाकडे जिरे पाहून मला प्रथम हेच आठवले. त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड गर्भाला गुंगीत नेतो, म्हणून शेपटीचे झटकेही मंद होतात. त्यात बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन बहुधा फार कमी, आणि फुटण्याच्या सुमारास गर्भाची ऑक्सिजनची गरज सर्वाधिक. सामू, वायू आणि ऑक्सिजन हे तिन्ही तुमच्याकडे एकाच वेळी, अकरानंतर, बिघडले.

त्यानंतरचे तीन दिवस जिरे पिवळ्या बलकाच्या पिशवीवर जगते. या काळात त्याचे कल्ले पुरते तयार नसतात. श्वसन बरेचसे त्वचेतूनच होते, आणि शरीरातील मिठाचा तोल राखणाऱ्या पेशी त्वचेवर, विशेषतः बलकाच्या पिशवीवर असतात. पाणी खरोखर आम्लधर्मी असेल तर या पेशींमधून सोडियम गळत जाते. सामू ६ च्या खाली घसरत गेला की वाढ आणि उबवण दोन्ही खालावतात, ५ च्या खाली फार थोडी अंडी तग धरतात, आणि ४ च्या आसपास मोठे मासेही मरतात. हे सारे वर्णन खऱ्या आम्लतेचे आहे. दक्षिण नॉर्वेत खडक ग्रॅनाइटसारखे कठीण, पाण्यात आम्ल झेलण्याची ताकद जवळपास नाही. तिथे आम्लवृष्टीमुळे विसाव्या शतकात कित्येक नद्यांमधून सॅल्मन मासा नाहीसा झाला आणि पुढे नद्यांमध्ये चुनखडी टाकून पाणी सुधारावे लागले. आम्लतेवर चुना हा सल्ला जिथे तिथे वाचायला मिळतो, तो अशा प्रदेशांच्या अनुभवातून आलेला आहे. तो तिथे योग्य आहे. काळ्या पाषाणातल्या, टीडीएस ९०० असलेल्या पाण्यावर तो जसाच्या तसा लावता येत नाही.

चुन्याबद्दल प्रामाणिकपणे सांगायचे तर विरी चुना कार्बन डायऑक्साइडला बांधून टाकतो, हे खरे आहे. कागदावर हिशेब बरोबर येतो. अडचण अशी, की हॅचिंग पूलमध्ये पाणी सतत वाहते, वायूचे प्रमाण दर तासाला बदलते, आणि चुन्याची मात्रा थोडी जरी पुढे गेली तरी सामू ८ वर न थांबता १० च्या पुढे उडी घेतो. शिवाय चुन्याने ऑक्सिजन वाढत नाही. माझ्या सुरुवातीच्या एका हंगामात मी हेच केले होते. पट्टीवर आकडा कमी दिसला म्हणून संध्याकाळी उंचावरच्या टाकीत अंदाजाने दोन घमेली चुना कालवला. सकाळी पूलच्या कडेला बसून पांढऱ्या वाटीत जिरे घेतले, तर प्रत्येकाच्या अंगावर धुरकट पांढुरका थर होता, जणू कोणी ताकात बुडवून काढले होते. वाटीला टिचकी मारली तरी एकही हलले नाही. मीटर आणून मोजले तेव्हा सामू १०.३ होता. प्रजनकांची वर्षभराची मेहनत एका रात्रीत गेली. तेव्हापासून अंडी किंवा जिरे असलेल्या पाण्यात मी चुना टाकत नाही. तो रिकाम्या तळ्याच्या गाळावर, आणि तोही गरज तपासून टाकतो.

इथवरचे एकत्र सांगायचे तर: तुमची अंडी फलित होती; ती अकरानंतर, थेट बोअरचे पाणी आल्यावर बिघडली; सामू खाली असण्याचे कारण बहुधा कोंडलेला वायू आहे; आणि त्यावर उपाय पाण्याला हवा देणे हा आहे, चुना नाही.

हवा देण्याची सोय महाग नसते. भाजीचे प्लास्टिकचे चार क्रेट एकावर एक, मध्ये वीतभर अंतर ठेवून, लोखंडी घोडीवर बसवा. प्रत्येकात मूठभर आकाराचे धुतलेले दगड पसरा आणि बोअरचे पाणी सर्वांत वरच्या क्रेटवर भोके पाडलेल्या पाइपातून सोडा. दगडांवरून फुटत, थेंब थेंब होत पाणी दीड मीटर खाली येते तोवर पुष्कळसा वायू निघून जातो आणि ऑक्सिजन मिसळतो. खालच्या हौदातून ते उंचावरच्या टाकीत चढवा आणि शक्य असेल तर एक रात्र उभे राहू द्या. दगडांवर काही आठवड्यांत पांढरा थर चढेल. वायू निघाल्यावर कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते, त्याचा तो थर आहे. त्याने घाबरू नका. मात्र तोच थर हॅचिंग पूलच्या आतल्या जाळीच्या छिद्रांत धरला तर पाणी तुंबते आणि अंडी जाळीला चिकटून दबतात, म्हणून प्रत्येक खेपेनंतर जाळी उन्हात वाळवून घासून घ्या.

टाकी किती मोठी हवी, हे तुमच्या पूलच्या आकारावर आणि विजेच्या वेळेवर अवलंबून आहे, ते मी इथून सांगू शकत नाही. वीज ज्या तासांत नसते त्या सर्व तासांचे पाणी साठवता आले पाहिजे, आणि वीज आली तरी थेट जोडणी करण्याची वेळ येऊ नये, एवढे सूत्र धरा. साठा पुरत नसेल तर अंडी कमी घ्या. हॅचिंग पूलमध्ये घनमीटरला सुमारे ७ लाख अंड्यांचा हिशेब केला जातो. पाण्याची खात्री नसेल त्या वर्षी मी त्याच्या निम्म्यावर थांबतो आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झालेला नाही.

तापमानाकडेही लक्ष द्या. बोअरपासून पूलपर्यंत काळा पाइप उघड्यावर पडलेला असेल तर पाऊस लांबलेल्या वर्षी दुपारी त्यातले पाणी चांगलेच तापते. पूलमधले पाणी ३२ अंशांच्या वर गेले की वाकडे जिरे निव्वळ उष्णतेनेही निघते. पाइप मातीत गाडा किंवा पाचटाने झाका, आणि पूलवर हिरवी जाळी ताणा. दोन कारणे एकाच वेळी असू शकतात, म्हणून दर दोन तासांनी सामू आणि तापमान दोन्ही वहीत लिहून ठेवा.

आपल्या भागात पाणी खरोखर आम्लधर्मी कुठे होते, तेही सांगायला हवे, कारण हे उत्तर वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाची तीच अडचण असू शकते. मला ते प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यांत दिसले आहे. पावसाचे पाणी मुळातच किंचित आम्लधर्मी असते. स्वच्छ हवेतही त्याचा सामू ५.६ च्या आसपास भरतो. मातीच्या तळ्यात जमीन त्याला क्षार देते, कागदाच्या तळ्यात देत नाही. असे तळे नुसत्या पावसावर भरले तर त्याची अल्कलिनिटी फारच कमी राहते. त्यात ओढ्याचे गढूळ पाणी आले आणि ते निवळावे म्हणून कोणी तुरटी फिरवली, तर दुहेरी नुकसान होते. लिटरमागे ५० मिलिग्रॅम तुरटी सुमारे २५ मिलिग्रॅम अल्कलिनिटी खाऊन टाकते. बोअरच्या पाण्याला ते जाणवणारही नाही, पण पावसाच्या पाण्याची सारी शिल्लक तेवढ्यात संपते आणि सामू घसरतो. वर तुरटीतील ॲल्युमिनियम अशा आम्लधर्मी पाण्यात विरघळलेले राहून कोवळ्या कल्ल्यांवर बसते. पाणी निवळायला तुरटीपेक्षा स्थिर हौद आणि वाळूचा गाळणथर चांगला. अशा तळ्याच्या पाण्यात चौथा हिस्सा बोअरचे, हवा दिलेले पाणी मिसळले तर चुन्याचे काम ते बिनधोक करते. आपल्या जड पाण्याचा हा उत्तम उपयोग आहे. नांदेडच्या दक्षिणेकडे, देगलूर-मुखेडच्या बाजूला खडक ग्रॅनाइटचा आहे, तेव्हा तिकडच्या वाचकांनी माझे काळ्या पाषाणाचे गणित न लावता स्वतःचे पाणी तपासून घ्यावे.

तुमची पुढची काळजी बहुधा उलट दिशेची असेल, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. हवा दिलेले आपले पाणी ८.२ ते ८.५ वर स्थिरावते. अंड्यांना आणि जिऱ्याला ते चालते, पण एका अटीवर: त्यात अमोनिया साचता कामा नये. पाण्यातील अमोनियाचा विषारी अंश सामूवर ठरतो. २८ अंश तापमानात सामू ७ असताना एकूण अमोनियाचा शंभरावा हिस्सासुद्धा विषारी रूपात नसतो. ८ ला तो साडेसहा टक्क्यांच्या आसपास, ८.५ ला अठरा टक्के आणि ९ ला चाळीस टक्क्यांवर जातो. टंचाईच्या वर्षी आपण हॅचिंग पूलचे पाणी गोळा करून पुन्हा फिरवतो. त्यात फुटलेली कवचे आणि मेलेली अंडी कुजतात, अमोनिया वाढतो, आणि वरचा सामू त्याला धार लावतो. म्हणून अंडी फुटल्यावर पहिले सहा तास निघालेले पाणी पुन्हा फिरवू नका, ते थेट झाडांना सोडा.

हीच गोष्ट जिरे विकताना आणि सोडताना घडते, आणि तिथले नुकसान ग्राहकाच्या तळ्यात होत असल्यामुळे आपल्या लक्षातही येत नाही. ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत जिरे चार-सहा तास प्रवास करते तेव्हा त्याच्या श्वसनाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सामू खाली जातो. अमोनियाही साठतो, पण सामू कमी असल्यामुळे तो निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडून त्याच पाण्यात हवा सोडत बसले किंवा जिरे त्याच पाण्यासह टबात तासभर ठेवले, तर वायू उडतो, सामू चढतो आणि साठलेला सगळा अमोनिया विषारी होतो. म्हणून बंद पिशवी तळ्यात तरंगत ठेवून तापमान जुळवावे, मग उघडून दर काही मिनिटांनी तांब्याभर तळ्याचे पाणी आत घालावे आणि पंधरा-वीस मिनिटांत जिरे सोडून मोकळे व्हावे. वेळ सकाळची असावी. भरपूर शेण आणि पेंड घातलेल्या हिरव्यागार संगोपन तळ्यात दुपारी तीनला सामू ९ च्या पुढे जातो, कारण दिवसा शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते; पहाटे तोच ८ च्या जवळ असतो. पिशवीतल्या ६.८ वरून दुपारच्या ९.२ मध्ये टाकलेले जिरे वाचेल अशी अपेक्षा धरू नये. तिथे आम्ल ओतून सामू खाली आणण्याचा प्रयत्न मी काहींना करताना पाहिले आहे. आपल्या पाण्याची अल्कलिनिटी ते आम्ल गिळून टाकते आणि तासाभरात आकडा पुन्हा वर येतो. खत कमी करणे आणि ताजे पाणी घालून हिरवेपणा कमी करणे, हाच मार्ग आहे.

तुमचा हॅचिंग पूल यंदाच बांधलेला आहे असेही तुम्ही लिहिले आहे. नवे सिमेंट पाण्यात चुना सोडते आणि थांबलेल्या पाण्याचा सामू १० च्या वर नेते. वाहत्या पाण्यात ते जाणवत नाही, पण प्रवाह मधेच बंद पडला तर जाणवेल. पूल पाण्याने भरून दोन-तीन दिवसांनी रिकामा करावा आणि असे चार-पाच वेळा, आकडा स्थिर होईपर्यंत करावे.

पुढचे इंजेक्शन देण्याआधी मला तीन आकडे कळवा: बादलीच्या प्रयोगातला पहिला, ओतल्यानंतरचा आणि सकाळचा सामू. सोबत अल्कलिनिटी आणि दुपारी दोनचे पूलचे तापमान मिळाले तर आणखी बरे. खात्री करून घ्यायची असेल तर पुढच्या खेपेतली शंभर अंडी वाटीने मोजून एका बादलीत हवा दिलेल्या पाण्यात आणि शंभर दुसऱ्या बादलीत दर तासाला ताजे, थेट बोअरचे पाणी बदलत ठेवा, दोन्ही बादल्या एकाच सावलीत. संध्याकाळी दोन्हींतले सरळ पोहणारे जिरे मोजा आणि तो आकडा कळवा.